घरचं कुठलं, आणलेलं कुठलं ते सांगणारं सांगलीतलं माळव्याचं दुकान

मी विश्रामबागेत खानावळ चालवते. दुपार-रात्र मिळून दीडशेच्या आसपास ताटं होतात. त्यातले निम्मे डबे कुपवाडच्या एमआयडीसीत जातात, बाकीची पोरं वालचंद आणि विलिंग्डनची, जागेवर बसून जेवणारी. आमटी-भात, चपाती-भाकरी रोज तीच असते, ताटात बदलते ती भाजी. तीच बेचव निघाली तर पोरं महिना संपायची वाट बघून दुसरी खानावळ धरतात. त्यामुळं माळवं, म्हणजे भाजीपाला, कुठून घ्यायचा हा माझ्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. तो ज्यांनी सोडवला त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

दुकान विश्रामबागेतच आहे, शंभर फुटी रस्त्याकडं जाताना आतल्या गल्लीत. चालवणारं कुटुंब वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचं. आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि आता मोठा होत असलेला नातू. नाव छापायला त्यांना संकोच वाटला, म्हणून लिहीत नाही. गल्लीत कुणालाही विचारा, दाखवतील. सकाळी साडेसहाला टेम्पो लागतो, सात वाजता फळ्या मांडलेल्या असतात, दुपारी दीड ते चार बंद, मग रात्री साडेआठपर्यंत चालू.

दुकानात शिरल्यावर पहिली नजर जाते ती फळ्यांवरच्या पाट्यांकडं. तीन भाग केलेले आहेत. एका भागावर खडूनं ‘घरचं’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘गावातलं’, तिसऱ्यावर ‘मार्केटचं’. घरचं म्हणजे यांच्या स्वतःच्या रानातलं. गावातलं म्हणजे शेजारच्या ज्या शेतकऱ्यांशी यांचं ठरलेलं आहे त्यांच्या रानातलं. मार्केटचं म्हणजे पहाटे मार्केटच्या सौद्यातून (लिलावातून) उचललेलं: कांदा, बटाटा, आलं, लसूण, गाजर, मटार असला माल. ‘शेतातून थेट’ असा फलक लावून मार्केटचाच माल विकणारी दुकानं मी सांगलीत आणि मिरजेत पाहिली आहेत. इथं मात्र बटाटा बाहेरचा आहे हे बटाट्यावरच लिहिलेलं असतं. माझ्या लेखी या दुकानाची निम्मी किंमत या पाट्यांमध्ये आहे. हे दुकान गेल्या दहा वर्षांत ज्या पद्धतीनं वाढलं, त्याचाही या पाट्यांशी जवळचा संबंध आहे.

मी एकदा त्यांच्या रानात जाऊन आले. थोरल्यांनीच बोलावलं होतं. “काकी, एकदा येऊन बघून तरी जावा, तुमच्या ताटात काय जातंय ते.” तिथं आजीशी निवांत बोलणं झालं.

आजींच्या मालकांच्या वेळेला सगळा ऊसच होता. आपल्याकडं नदीकाठाला दुसरं कुणी काय लावतंय? आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावायचा आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोड यायची. तोड झाल्यावर १४ दिवसांत कारखान्यानं पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण मधल्या दीड वर्षात पोरांच्या फिया आणि दवाखाना कशावर भागवायचा? सोसायटीचं कर्ज काढायचं आणि उसाच्या बिलातनं फेडायचं, हेच चक्र. त्यात पाट भरून पाणी देऊन देऊन नदीकडचं एकरभर रान क्षारपड झालं, म्हणजे मीठ फुटून नापीक झालं. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात असली पांढरी पडलेली रानं रस्त्यावरून जातानासुद्धा दिसतात. ऊस तिथं गुडघ्याएवढाच राहायला लागला, तेव्हा आजीनं मालकांच्या मागं लागून वरच्या रानातले वीस गुंठे माळव्याला काढून घेतले. वांगी, मिरची, मेथी लावली. सांगलीच्या शिवाजी मंडईत टोपल्या घेऊन आजी स्वतः बसत होत्या. आठवड्याच्या आठवड्याला हातात रोख पैसा यायला लागला. “उसानं घर बांधलं, पण चूल माळव्यानं पेटवली,” असं आजी म्हणाल्या.

माल वाढला तसा तो आडतीवर, म्हणजे मार्केटमधल्या दलालाकडं, जायला लागला आणि तिथं ते अडकले. आजींनी आडत्याच्या हिशेबाच्या जुन्या पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत, मला काढून दाखवल्या. आडत (दलाली), हमाली, तोलाई, सगळं शेतकऱ्याच्याच रकमेतनं वजा. एका पट्टीवर टोमॅटोच्या चौदा क्रेटचे सगळं कापून जे पैसे उरले होते त्यातनं टेम्पोचं भाडंही निघालं नव्हतं. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची असं ठरलं. त्याच सुमारास शहरांतून शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. थोरल्यांनी त्यानंतरच रस्त्याकडेला टेम्पो उभा करून विकायला सुरुवात केली. आठवड्यातनं दोन दिवस विश्रामबागेत आणि एक दिवस मिरजेत. माझी ओळख तेव्हाची.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. यांचं नदीकडचं सगळं रान आठवडाभर पाण्याखाली होतं. ऊस काही प्रमाणात तरी तगतो, माळवं तगत नाही. वांगी, दोडक्याचे मांडव, ठिबकच्या नळ्या, सगळं गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला तो मला या कुटुंबाचा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. नदीकडच्या रानात पावसाळ्यात माळवं घ्यायचंच नाही, तिथं ऊस आणि नोव्हेंबरनंतरची भाजी घ्यायची. पावसाळ्यातलं सगळं माळवं आणि रोपवाटिका माळावरच्या रानात न्यायची. त्यासाठी वरचं तीन एकर रान खंडानं (भाड्यानं) घेतलं. क्षारपड एकरात सच्छिद्र पाइप गाडून निचरा काढला, तिथं आता पुन्हा पीक उभं राहतंय.

दोन महापुरांच्या मध्ये २०२० ची टाळेबंदी झाली. मार्केट कधी चालू, कधी बंद, आडत्या फोन उचलेना. धाकट्यांनी टेम्पो भरून सोसायट्यांच्या दारात आणला आणि व्हॉट्सअॅपवर गट काढला. माझे डबे तेव्हा निम्म्यावर आले होते, पण जे चालू होते त्यांना एक दिवसही कोरडी उसळ घालायची वेळ आली नाही ती या टेम्पोमुळं. टाळेबंदी उठली, तरी लोकांनी गट सोडला नाही. त्याच गिऱ्हाइकाच्या जोरावर हे दुकान झालं.

आता मालाबद्दल सांगते.

वांगं. इथूनच घ्या, डोळे झाकून घ्या. भरल्या वांग्याला मांजरी गोटा ठेवतात, जांभळ्या-पांढऱ्या रेघांचं, गोल, देठाला काटे. भरताला फिकट हिरवं मोठं वांगं, फुले हरित जातीचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या या जाती आपल्या जिभेला सवयीच्या आहेत. चकचकीत, एकसारखं, लांब टिकणारं संकरित वांगं दिसायला बरं, पण भाजल्यावर त्याचा गर पाणचट सुटतो आणि भरताला वास येत नाही. खानावळीत वांगं चिरताना किडकं किती निघतं यावर माझा नफा-तोटा असतो. मार्केटच्या पोत्यात कधी कधी एवढं किडकं निघायचं की दुपारची भाजी कमी पडायची. इथल्या क्रेटमध्ये एखाद-दुसरंच निघतं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी सगळ्यांच्याच रानात येते. हे लोक कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावतात, आणि वाळलेला शेंडा दिसला की तो खुडून रानाबाहेर नेऊन पुरतात. ते खुडण्याचं काम बायका रोज करतात, मी पाहिलं आहे. शिवाय तोडल्यावर प्रतवारी होते ती आजींच्या हाताखाली. चाळीस वर्षं मंडईत बसलेली बाई वांगं नुसतं हातात धरून सांगते, आत अळी आहे का नाही.

पालेभाज्या. मेथी, शेपू, पालक, चाकवत, पोकळा, तांदुळजा, हिवाळ्यात करडई आणि हरभऱ्याचा पाला. मेथीची पेंडी बांधतानाच मुळ्यांची माती झटकलेली असते, त्यामुळं माझ्याकडं निवडायला बसणाऱ्या दोघी मावश्यांचा वेळ खूप वाचतो. माल कोवळा असतो, कारण मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढली तरच ती मेथी राहते, नंतर तिच्या काड्या होतात. आता गंमत बघा, ज्याचा माल आडतीवर जातो तो शेतकरी अर्धा एकर मेथी एकदम पेरतो आणि एकदम काढतो. दुकान चालवायचं तर तसं चालत नाही, रोज थोडी थोडी कोवळी मेथी लागते. म्हणून यांच्याकडं दर चार दिवसांनी एक वाफा पेरला जातो. मी गेले तेव्हा एका ओळीत सात वाफे होते, एकात नुसती उगवण, शेवटच्यात काढणी चाललेली. कोथिंबिरीचं तसंच, टोमॅटोचीही लागण एकदम न करता पंधरा-वीस दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत. हे सगळं वेळापत्रक थोरल्या सूनबाई सांभाळतात. रोपवाटिका त्यांचीच. शेडनेटखाली प्रो-ट्रे (रोपांसाठी खाचांचे ट्रे) मांडलेले, कोकोपीट भरलेले, प्रत्येक ट्रेवर पेरणीची तारीख. शाळेच्या वहीत वर्षाचा तक्ता आखलेला आहे: कुठल्या आठवड्यात कुठलं रोप तयार हवं, कुठल्या वाफ्यात आधी काय होतं, बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीत राहिलेला परिणाम) कशाचा. वांग्यावर परत वांगं लावायचं नाही, टोमॅटोच्या जागी मिरची नाही, मध्ये एक मेथी नाहीतर घेवडा काढायचा. या कुटुंबाचा धंदा वाढला त्यात टेम्पो आणि दुकान सगळ्यांना दिसतं. माझ्या मते तो वाढला या वहीमुळं. रोज पंचवीस प्रकारचं माळवं फळीवर मांडायचं म्हणजे तीन-चार महिने आधी कुणीतरी त्याचा हिशेब केलेला असावा लागतो.

काकडी हिमांगी जातीची, पांढरट, कोशिंबिरीला उत्तम. कडू निघाल्याचं मला आठवत नाही. दोडका कोवळा, शिरा काढून त्याची चटणी होते एवढा. कारलं बरं आहे. भेंडी सकाळी सातलाच जाऊन घ्या, नऊनंतर जी उरते ती जून. गवार उन्हाळ्यात यांच्या गावातली येते आणि ती मात्र फारच चांगली, बोटानं मोडते.

टोमॅटोबद्दल मी समाधानी नाही. हिवाळ्यात छान असतो, आंबटगोड, रसाचा. एप्रिल-मेमध्ये घरचा माल कमी पडतो आणि गावातला येतो, तो तिरंगी (अर्धवट पिकलेल्या) अवस्थेत न तोडता लाल झाल्यावर तोडलेला असतो. एका मेमध्ये माझ्या दोन क्रेटमधला तळाचा थर दबून पाणी सुटलेला निघाला. फोन केला तर धाकट्यांनी दुसऱ्या दिवशी बदलून दिला, पैसे धरले नाहीत. पण त्या दिवशीची आमटी मला कोकमावर काढावी लागली. खानावळवाल्यांनी उन्हाळ्यात टोमॅटो दोन दिवसांचा एकदम घेऊ नये.

कांदा-बटाटा इथं घेऊ नका. मार्केटमध्ये पोत्यानं घेतलं तर किलोमागं चांगलाच फरक पडतो. हे मी धाकट्या सूनबाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, “काकी, आमी बी तेच सांगतो मोठ्या गिऱ्हाइकाला. एक-दोन किलोवाल्याला दुसरीकडं हेलपाटा नको म्हणून ठेवलंय.”

नव्यानं सुरू केलेली चिरलेल्या भाजीची पाकिटं मला पटली नाहीत. निवडलेली मेथी, सोललेला वरणा, मोडलेली गवार इथपर्यंत ठीक, नोकरी करणाऱ्या बायकांना त्याचा उपयोग आहे. पण चिरलेलं वांगं आणि दुधी पाकिटात काळं पडतं आणि चवही जाते. ताज्या मालासाठी ज्यांचं नाव झालं त्यांनी हे विकू नये. ब्रोकोली आणि झुकिनीची छोटी फळी आहे, घेणारे घेतात, माझा त्याच्याशी संबंध येत नाही.

भोगीचा वाटा मात्र आवर्जून घ्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला लागणारं सगळं एका पिशवीत मोजून देतात: वांगी, गाजर, वरणा, पावटा, ओला हरभरा, मेथी, कांद्याची पात, बोरं, वर तिळाची पुडी. चार माणसांचा वाटा आणि दहा माणसांचा वाटा. मी खानावळीसाठी सगळं किलोनं सांगते आणि पोरांना त्या दिवशी बाजरीची भाकरी, लोणी आणि ती भाजी घालते. लातूर-परभणीकडची पोरं तेवढ्यासाठी घरी जायचं पुढं ढकलतात. ऑर्डर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात द्यावी लागते.

फवारणीबद्दल लोक मला नेहमी विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. हे दुकान सेंद्रिय नाही आणि तसं ते म्हणतही नाहीत. सेंद्रिय म्हणायला प्रमाणपत्र लागतं, ते यांच्याकडं नाही. शेणखत, गांडूळखत, निंबोळी अर्क वापरतात, पिवळे-निळे चिकट सापळे आहेत, टोमॅटोच्या कडेनं झेंडू आणि मका लावतात. पण गरज पडली तर रासायनिक औषधही मारतात. वेगळेपणा असा की गल्ल्याजवळ फवारणीची वही टांगलेली असते. कुठल्या वाफ्यावर काय मारलं, कधी मारलं आणि त्या औषधाच्या लेबलवर तोडणीआधी किती दिवस थांबायला सांगितलं आहे, एवढं त्यात लिहिलेलं. तेवढे दिवस उलटल्याशिवाय त्या वाफ्यातला माल फळीवर येत नाही. बाटलीवर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे अतिविषारी, औषध भाजीवर मारायचं नाही असा आजींचा दंडक आहे. ही वही कुणीही मागितली तरी हातात देतात. ‘गावातलं’ म्हणून येणाऱ्या मालाची अशी वही अजून सगळ्यांची नाही, काहींनी ठेवायला सुरुवात केली आहे. म्हणून माझा नियम असा: फळभाजी घरची असेल तर घेते, गावातली असेल तर कुणाची आहे ते विचारून घेते. ते नाव सांगतात.

आता भाव. पेठेतल्या किरकोळ भावाच्या बरोबरीनं किंवा किलोमागं चार-पाच रुपये जास्त, मंडईत संध्याकाळी उतरत्या भावानं मिळतं त्यापेक्षा नक्कीच महाग. पण दुसरी बाजूही मी धंदा करणारी बाई म्हणून सांगते. भाव आदल्या रात्री आठ वाजता व्हॉट्सअॅपवर येतो आणि दुसऱ्या दिवशी तोच राहतो. पावसानं मार्केट सकाळी दुप्पट झालं तरी दिलेल्या शब्दात फरक पडत नाही. महिन्याला ठरलेल्या पैशात जेवण घालणाऱ्या माणसाला हा स्थिर भाव किती मोलाचा असतो ते खानावळवालाच जाणतो. श्रावणात पालेभाजी कडाडते तेव्हा तर हा फरक फारच जाणवतो. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, वैध मापनचा चालू वर्षाचा शिक्का मारलेला, आणि भाजी क्रेटसकट तोलत नाहीत.

घरपोच सेवा आधीइतकी चांगली राहिलेली नाही. पहिल्यांदा नुसत्या विश्रामबागेचीच फेरी होती, तेव्हा सव्वासातला माल दारात असायचा. आता टेम्पो वारणाली, वानलेसवाडी करत येतो आणि कधी कधी सव्वाआठ होतात. माझे डबे साडेदहाला निघतात. सव्वाआठला आलेली मेथी निवडून, धुवून, फोडणीला टाकेपर्यंत स्वयंपाकघरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. मी तक्रार केली. तेव्हापासून मोठ्या गिऱ्हाइकांची पहिली फेरी आणि घरगुती गिऱ्हाइकांची दुसरी असं त्यांनी केलं, थोडा फरक पडला. पावसाच्या दिवसांत अजूनही उशीर होतो. पण उशीर होणार असेल तर पहाटे साडेपाचला फोन येतो, एवढं खरं. “काकी, मेथी भिजलीया, नगा घेऊ आज. दोडका देतो, लई झ्याक हाय.” आणि दोडका खरंच चांगला असतो. खपवायचा म्हणून भिजका माल माझ्या दारात त्यांनी कधी टाकला नाही.

उधारी आठवड्याची. मी मागं महिन्याची मागितली होती, मिळाली नाही. धाकट्या सूनबाईंनी समजावलं: तोडणीच्या बायकांची हजेरी दर शनिवारी द्यावी लागते, ती थकवायची नाही हे घरात ठरलेलं आहे, त्यामुळं गिऱ्हाइकाकडनंही शनिवारीच यायला हवं. मला त्या वेळी अडचणीचं वाटलं, पण कारण रास्त आहे. रानात मी ज्या बायका पाहिल्या त्यातल्या काही आजींच्या वेळेपासून येतात. भांगलण (खुरपणी), तोडणी, पेंड्या बांधणं, सगळं त्यांच्या हातावर. माळवं हे उसासारखं नाही, माणूस नाही आला तर त्या दिवशीचा तोडा जून होतो. शनिवारी सांगलीत बऱ्याच जणांचे पगार लांबतात, पण यांच्या बायकांचे लांबत नाहीत, म्हणून ऐन ऊसतोडीच्या हंगामातही यांच्याकडं माणसं टिकतात.

आता मिरजेत दुसरं दुकान काढायचं चाललं आहे. जागा बघून झाली आहे, नातू शेतीची पदविका पूर्ण करून ते सांभाळणार म्हणतात. मला आनंद आहे आणि काळजीही आहे. दोन दुकानांना पुरेल एवढं घरचं माळवं यांच्या रानात निघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे गावातला माल वाढणार, कदाचित मार्केटचाही. थोरल्यांना मी हे विचारलं. ते म्हणाले, आधी गावातल्या शेतकऱ्यांच्या वह्या पूर्ण होऊ देत, रोपं आमच्याच रोपवाटिकेतनं त्यांना द्यायची, लागणीचं वेळापत्रक एकत्र करायचं, मगच दुकानाचा मुहूर्त. त्यासाठी वर्ष गेलं तरी चालेल. आजींचं म्हणणं याहून कडक आहे. पाटी खोटी लागली तर मी दुकानात येऊन बसणार नाही, असं त्यांनी पोरांना सांगून ठेवलं आहे.

नव्यानं जाणाऱ्यांसाठी थोडं उपयोगाचं. मंगळवारी आणि शुक्रवारी पालेभाजी सगळ्यात जास्त असते. शनिवारी संध्याकाळी गर्दी फार आणि माल कमी, तेव्हा जाऊ नका. स्वतःची पिशवी न्या, त्यांच्या कागदी पिशव्या ओल्या पेंडीनं फाटतात. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही. दहा किलोच्या वर काही हवं असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवा. टेम्पो रानातनं पहाटे निघतो आणि सांगितल्याएवढंच तोडून आणतात, त्यामुळं सकाळी जाऊन एकदम वीस किलो वांगी मागितली तर मिळत नाहीत. आणि रोपं हवी असतील तर तीही मिळतात. गच्चीवर कुंडीत लावण्यासाठी मी मिरचीची आणि वांग्याची नेली होती, थोरल्या सूनबाई ती किती अंतरावर लावायची आणि पाणी कधी तोडायचं ते नीट सांगतात. त्यासाठी गुरुवारी जा, त्या दिवशी त्या स्वतः दुकानात असतात.